कुजबुज बोलण्यात धरत नसत

आमच्या घरात कुणी हळू बोलायला लागलं की मी हातातलं टाकून कान टवकारायची. हळू बोलणं म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणाच्या पोरीचं जमलेलं मोडलं. एरवी वरळीच्या कोळीवाड्यातलं आमचं सगळं जगणंच वरच्या पट्टीत चालायचं. बाबांचा जन्म होडीवर, इंजिनाच्या धडधडीत गेलेला. ते जेवताना नुसतं "मीठ" म्हणाले तरी पलीकडच्या घरातून पारूमावशी विचारायची, "धाडू का?" पहाटे दाराशी बर्फाची लादी फोडल्याचा आवाज, मग भाकऱ्या थापल्याचा, मग तव्यावर बोंबील पडल्याचा चर्र आवाज, आणि ह्या सगळ्याच्या वर आय. आय म्हणजे माझी आई, हिरू. ती भाकरी थापता थापता मला उठवायची, बाबांशी भांडायची आणि पारूमावशीला कालच्या बाजाराची हकिगत सांगायची, तिन्ही एकाच दमात. बाहेरच्या माणसाला वाटायचं, इथं मारामारी चाललीय. मारामारी कसली, आम्ही चहा पीत असायचो.

आय दादरला मासे विकायची. डोक्यावर पाटी घेऊन कोळीवाड्यातून प्रभादेवीवरून चालत जायची आणि तिच्या ठरलेल्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाळी द्यायची. ही हाळी मी लहानपणी अनेकदा ऐकली, पण आज लिहायला बसले तर कागदावर उतरत नाही. शब्द साधेच: "म्हावरा आयलाय वोऽऽ, पापलेट, सुरमय, कोलंबी वोऽऽ." पण तो "वो" तिच्या तोंडातून निघाला की चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोरीला बांधलेली टोपली खाली यायला लागायची. खिडक्या उघडायच्या. भाजी निवडणाऱ्या बायका विळी बाजूला सारून उठायच्या. आणि गंमत म्हणजे तिच्या जवळ उभं राहिलं तर कान फाटायचे नाहीत. ओरडतेय असं वाटायचंच नाही. नुसतं तोंड उघडायची, आणि आवाज आपला चालत चालत गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

गल्लीचा एक कायदा होता, कुठे न लिहिलेला. प्रत्येक कोळणीची आपापली गल्ली. दुसरीच्या गल्लीत पाय टाकायचा नाही, टाकला तर केस उपटायची वेळ यायची. पण आठ दिवस जर गल्लीत हाळी ऐकू आली नाही, तर ती गल्ली मोकळी झाली असं धरायचे. मग कुणीही पाटी घेऊन यावं. तू मासे आणलेस की नाही, घरोघर जाऊन दार ठोठावलंस की नाही, याला काही किंमत नव्हती. हाळी वाजली पाहिजे. आयनं ती गल्ली तिच्या सासूकडून घेतली होती, आणि आमचं घर, माझी दादरची शाळा, बाबांच्या होडीची डागडुजी, सगळं त्या एका हाळीवर उभं होतं.

मी तेव्हा नववी संपवून दहावीत जाणार होते. शाळेत बाई मला सारख्या म्हणायच्या, "मंदाकिनी, हळू. आपण बाजारात नाही." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून मी दोन आवाज बाळगायला लागले. घरी घरचा, शाळेत शाळेचा. शाळेतला आवाज इतका बारीक, की प्रार्थनेला माझे नुसते ओठ हलायचे. माझ्या बाकावर सुलभा बसायची, जुन्या मुंबईकर घरातली, पणजोबांपासून दादरला. तिचं घर नेमकं आयच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. तिची आजी, माई, आयची कायमची गिऱ्हाईक. हे मला ठाऊक होतं, सुलभाला नव्हतं. तिनं एकदा विचारलं, तुझे आईवडील काय करतात, तर मी म्हणाले, "आमचा फिशचा बिझनेस आहे." आज हे लिहिताना माझे मलाच दोन थोबाडात मारावेसे वाटतात.

त्या उन्हाळ्यात आयचा आवाज बसला. आधी तिनं मिठाच्या गुळण्या केल्या, मग आलं-मध, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कंकोळ चघळलं. आवाज सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत चिरकायचा. मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. घरी येऊन तिनं पाटी आपटली. बाबा पहिल्यांदाच हळू बोलले, "परळला डॉक्टर हाय, पोरीला घेऊन जा." ते हळू बोलले म्हणून मी जास्त घाबरले.

डॉक्टरांच्या कपाळाला गोल आरसा होता. त्यांनी आयची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात दुसरा छोटा आरसा घातला आणि तिला "ईऽ" म्हणायला लावलं. आयला ओकारी आल्यासारखं झालं. ते संपताक्षणी ती बाहेर पळाली, कारण तिनं पाटी खाली वॉचमनकडे ठेवली होती आणि कोळणीचा वॉचमनवर भरवसा नसतो. आत मी एकटी राहिले. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. म्हणाले, "आवाजाच्या दोन पट्ट्या असतात घशात. तुझ्या आईच्या पट्ट्यांना घट्टे पडलेत, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. तीन आठवडे पूर्ण मौन. नाहीतर आवाज परत येणार नाही. आणि नीट ऐक, कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजताना त्या पट्ट्या ताणून धराव्या लागतात, ते अजून वाईट. काही सांगायचं तर खुणेनं." मी मान डोलावली. मी नीट ऐकलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, की मी नीट ऐकलं.

अलीकडे माझ्या भाचीची मुलगी हेच शास्त्र शिकते, बोलता न येणाऱ्यांना बोलतं करायचं. तिनं मोबाइलवर मला त्या पट्ट्या दाखवल्या. दोन पांढऱ्या, ओल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. खालून फुप्फुसातली हवा त्यांना ढकलते, त्या उघडतात, मिटतात, सेकंदाला शेकडो वेळा. मोठा आवाज काढायचा म्हणजे खालून दाब वाढवायचा, आणि पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात. बाकीचं काम तोंडाची पोकळी करते, ती नीट उघडली तर थोड्या हवेत खूप आवाज निघतो. ती पोरगी भराभर सांगत होती आणि मी त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत होते. एवढ्याशा त्या. आमचं सगळं घर त्यांच्यावर चाललं होतं. मी चष्मा पुसायचं निमित्त करून आत गेले.

तर त्या दिवशी घरी आल्यावर सगळे गोळा झाले. बाबा, पारूमावशी, तिची जाऊ. मी म्हणाले, "तीन आठवडे बोलायचं नाही. नाहीतर आवाज जाणार." पारूमावशीनं कपाळावर हात मारला. "हिरूला गप बसवनार? त्यापरास दर्याला सांगा." मग बाबांनी विचारलं, "आनि गल्ली?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सुट्टी होती, घरात दुसरी बाई नव्हती, आणि आठ दिवसांतले दोन गेले होते. त्या गल्लीत, सुलभाच्या गॅलरीखाली, मी हाळी देणार? आणि शेजारी मुकी आय? माई सोडल्या तर मला गिऱ्हाइकांची नावं माहीत नव्हती, कुणाला काय चालतं ते माहीत नव्हतं, मासा कापता यायचा तो घरच्यापुरता. तेवढ्यात आयनं बाबांच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हटलं, आणि बाबांनी ते मोठ्यानं विचारलं, "कुजबुजली तर चालंल का?"

आमच्याकडे कुजबुज बोलण्यात धरतच नसत. देवळात, मयताला, पोर झोपलेलं असताना करतात ती कुजबुज. ते काय बोलणं झालं? म्हणून बाबांचा प्रश्न तसा विचारण्यापुरताच होता, उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यासारखंच होतं. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. मी म्हणाले, "कुजबुजीनं काय होतंय?"

दुसऱ्या दिवसापासून आयनं मला कुजबुजत ओरडायला शिकवलं. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवतात तिथे ती मला भल्या सकाळी घेऊन गेली. बाबा होडी घेऊन थोडं आत जाऊन थांबले. माझी हाळी ऐकू आली की त्यांनी हात वर करायचा. मी जीव तोडून ओरडले. बाबांचा हात खालीच. पुन्हा ओरडले, खोकला आला. आयनं तिचा खरबरीत पंजा माझ्या पोटावर ठेवला आणि दाबला. "हितनं काढ. गल्यातनं नको." मग मला वाळूत उताणी निजवलं, पोटावर ओल्या जाळ्याची गुंडाळी ठेवली, आणि म्हणाली, ही वर उचल, खांदे हलवू नको. मी श्वास घेतला की जाळं वर, सोडला की खाली. पोरंटोरं येऊन हसत उभी राहिली. आय त्यांच्यावर वसकन ओरडणार होती, पण आठवण होऊन तिनं नुसता हात उगारला आणि मग कुजबुजून शिव्या दिल्या. कोळणीची कुजबुज ती, चार घरं लांब ऐकू जायची. पोरं पळाली.

तिचं सगळं शिकवणं उलटं होतं. मी म्हणायची, अजून जोरात काढू? ती मान हलवायची. "जोरात नको गो. लांब. आवाज फेकाचा नाय, सोडाचा." जबडा सैल सोड, जांभई आल्यासारखं आतून उघड, "वो"वर बस आणि तिथनं उठू नको. चौथ्या का पाचव्या सकाळी मी दमून, रागानं, कशीतरी एक हाळी सोडली आणि ती माझ्या गळ्याला न लागताच निघून गेली. मला कळलंच नाही ती मोठी झाली ते. पाण्यावर बाबांचा हात वर गेला. आयनं मला गच्च धरलं आणि कानात म्हणाली, "हा बग. हाच." माझ्या आयुष्यात मला इतका आनंद थोड्याच वेळा झाला असेल. आणि त्या आनंदातही तिच्या घशातली ती घासल्यासारखी हवा मला ऐकू येत होती.

गल्लीत मात्र माझी फजिती. निम्म्या गल्लीपर्यंत मी हाळी द्यायची. सुलभाची बिल्डिंग आली की घसा खाकरायची, पाटी सावरायची, पदर आवळायची, आणि पुढे सटकायची. आय मागून यायची, ओचा खोवलेला, हातात कोयता. ती कुजबुजायची, "हितं दे. माईची बिल्डिंग." मी ऐकलं नाही असं दाखवायची. मग ती तीच कुजबुज जोर लावून करायची, मानेच्या शिरा ताठ करून, "मंदे, हाळी दे गो, माई वाट बगते!" रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. असं रोज. मी रोज तिला तिथं तसं करायला लावलं. दुसरा आठवडा संपता संपता तिची कुजबुजही फाटायला लागली. भाकरी खाताना ती गळ्याला हात लावायची. बोंबलाचं कालवण तिला झोंबायचं, ती नुसती पेज प्यायला लागली. मी समोर बसून जेवायची. मला सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे आधी सांगितलं नव्हतं हेही सांगावं लागणार होतं, आणि प्रत्येक दिवसागणिक ते जास्तच जड होत गेलं. मी मनात म्हणायची, डॉक्टर असेच बोलतात, घाबरवायला. मुंबादेवीला नवस बोलले. तोंड काही उघडलं नाही.

शेवटी एक दिवस मी सुलभाच्या बिल्डिंगखाली हाळी दिली. धैर्य वगैरे काही नव्हतं. आय मागे खोकून खोकून वाकली होती, आणि मला ते बघवेना. डोळे मिटले आणि पोटातून सोडली. डोळे उघडले तर तिसऱ्या मजल्यावर सुलभा, केस विंचरता विंचरता वाकून बघत होती. "अगं, मंदा? माई, बाहेर ये, आपल्या हिराबाई म्हणजे मंदाच्या आई!" टोपली खाली आली. माईंनी वरून विचारलं, "सरंगा आहे का गं? आणि हिराबाईंना बरं नाही का? आल्याचा चहा पाठवते." झालं. एवढंच. ज्याला मी अडीच आठवडे भ्यायले ते हे, एक टोपली आणि आल्याचा चहा. मी तिथं फुटपाथवर सरंगा कापताना रडत होते. आयला वाटलं, पोर लाजली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तीन आठवडे झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. आरसा, फडकं, "ईऽ". त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग खुर्ची मागे सारली. "कुजबुजत होतात?" डॉक्टर चिडले. "मी मुलीला बजावून सांगितलं होतं, कुजबुजसुद्धा नको म्हणून!" आयनं वळून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. ती नजर मला बघावी लागली नाही, पण ती किती वेळ होती ते मला आजही सांगता येईल. मग ती फाटक्या आवाजात म्हणाली, "सांगितलं व्हतं तिनं, डाक्टर. माजीच जीभ ऱ्हावली नाय."

बाहेर आल्यावर तिनं वॉचमनकडून पाटी घेतली, मासे मोजल्यासारखं केलं, त्याला एक तिरका कटाक्ष टाकला. मला म्हणाली, "चल, गल्ली वाट बगते." त्या दिवशी हाळी मी दिली. त्यानंतर शाळा सुटल्यावर, कॉलेजात असताना, नोकरी लागेपर्यंत, सुट्टी असेल त्या प्रत्येक दिवशी मीच दिली. इतर दिवशी ती पाटीवर कोयत्याची मूठ वाजवत जायची, आणि बाकीच्या कोळणींनी आपसात ठरवून टाकलं की हिरूच्या कोयत्याचा आवाज हाळीत धरायचा. तिचा आवाज परत आला नाही. ती भांडायची तीही कुजबुजून, आणि आमचं घर शांत झालं. बाबांना ती शांतता सोसली नाही, ते उगाचच मोठ्यानं बोलत राहायचे, दोघांच्या वाटणीचं. मी शिक्षिका झाले. साठ पोरांच्या वर्गात मला कधी टेबल आपटावं लागलं नाही. लोक म्हणायचे, बाई, काय आवाज आहे तुमचा! मी विषय बदलायची.

आयला मी कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. बाबा गेले, पारूमावशी गेली. आय मात्र चिवट. आता अगदी अलीकडे, समुद्रावरच्या नव्या पुलाकडे उघडणाऱ्या खिडकीशी तिची खाट होती. खाणं पेजेवर आलेलं, आणि कान पार गेलेले. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "आय, त्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं." तिनं कानामागे हात धरला. "आं?" मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "ऐकू नाय येत. मोठ्यानं बोल." घरं एकाला एक लागलेली, भरदुपार, सगळ्यांची दारं उघडी. जे मी आयुष्यभर ओठांत धरलं ते सगळ्या कोळीवाड्यानं ऐकावं लागणार होतं. मी वाटी खाली ठेवली. श्वास घेतला, खांदे न हलवता, तिनं शिकवला तसा. "आय, मला माहीत होतं! कुजबुजायचं नाही हे मला माहीत होतं! मी मुद्दाम नाही सांगितलं! मला एकटीला त्या गल्लीत लाज वाटत होती!"

बाहेर कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. आय माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर या वेळी मी चुकवली नाही. तिचे ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"मना वाटलं, तू इसारलीस," ती म्हणाली. "लेकरू हाय, इसारलं."

एवढी वर्षं ती माझ्या विसरण्याला माफ करत आली होती, आणि मी विसरले नव्हते. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल, आणि ते बरोबरच होईल. तेवढ्यात पारूमावशीची सून दारात येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. "काय झालं गो? कोन ओरडतंय?" आयला तिच्या चेहऱ्यावरूनच प्रश्न कळला. तिनं हळूहळू हात उचलला आणि माझ्या पोटावर ठेवला. मग सुनेकडे बघून कुजबुजली.

सुनेला ऐकू गेलं नाही. ती मला म्हणाली, "काय म्हनते आय?"

आणि मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. "काय नाय, म्हणते. पोरीला हाळी द्यायला शिकवतेय."